कोलीन सेरो आणि कुणीच न घातलेली बंदी

फुटबॉलचा सामना ऐन रंगात आलेला असताना खेळाडू अचानक थांबतात. चेंडू सोडून देतात, एकमेकांना मिठ्या मारतात आणि दोन्ही संघ मिळून मैदानावर नाचायला लागतात. ‘ला बेल व्हेर्त’ या १९९६ सालच्या फ्रेंच चित्रपटातले असे तुकडे गेली कित्येक वर्षं इंटरनेटवर फिरत आहेत. सोबत बहुतेक वेळा एक दावाही फिरतो: हा युरोपीय संघानं बंदी घातलेला चित्रपट आहे, काढून टाकायच्या आत बघून घ्या.

या दाव्यामुळे चित्रपटाला प्रेक्षक मिळाले हे खरं. पण तो लिहिणारी, दिग्दर्शित करणारी आणि त्यात मुख्य भूमिका करणारी बाई मात्र त्यात हरवली. तिचं नाव कोलीन सेरो. त्यांच्या कामाबद्दल गोंधळ होणं स्वाभाविक आहे, कारण त्या अभिनेत्री आहेत, नाटककार आहेत, विनोदी चित्रपटांच्या दिग्दर्शिका आहेत, शेतीवरच्या माहितीपटाच्या कर्त्या आहेत, शिवाय ऑपेराही बसवतात. एवढ्या वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या कारकिर्दीत काही सूत्र आहे का? आहे, आणि ते समजलं की बंदीच्या अफवेपेक्षा कितीतरी रंजक गोष्ट हाती लागते.

आधी बंदीचं बघू

बंदी नव्हती. चित्रपट १९९६ मध्ये फ्रान्समधल्या चित्रपटगृहांत रीतसर लागला, पुढे त्याच्या डीव्हीडीही निघाल्या. मुळात युरोपीय संघाकडे चित्रपटावर बंदी घालण्याचा अधिकारच नाही. कुठला चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकाला दाखवायचा, हे प्रत्येक सदस्य देश स्वतः ठरवतो. फ्रान्समध्ये हा परवाना एका समितीचा सल्ला घेऊन संस्कृती मंत्री देतात.

झालं ते साधं होतं: चित्रपट चालला नाही. समीक्षकांना तो भाबडा वाटला आणि प्रेक्षक फिरकले नाहीत. मग दूरचित्रवाणी, डीव्हीडी आणि इंटरनेट यांच्या वाटेनं तो हळूहळू जगभर पोचला, आणि ‘इतका चांगला चित्रपट आपल्याला आधी का माहीत नव्हता’ या प्रश्नाला लोकांनी स्वतःच उत्तर तयार केलं की तो दडपला असणार. पडलेला चित्रपट आणि दडपलेला चित्रपट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दडपलेला म्हटलं की दिग्दर्शिका एकदम गुप्त संदेश देणारी द्रष्टी ठरते आणि तिची कारागिरी कुणी बघत नाही. मला या अफवेचा राग आहे तो यासाठी. सेरो या रंगभूमीवर वाढलेल्या आणि त्यात मुरलेल्या कलावंत आहेत, आणि त्यांचा प्रत्येक चित्रपट तिथल्या शिक्षणातून आलेला आहे.

घरातच रंगमंच

सेरोंचा जन्म २९ ऑक्टोबर १९४७ चा, पॅरिसचा. वडील ज्याँ-मारी सेरो हे दिग्दर्शक. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये ब्रेख्त, बेकेट, इओनेस्को या त्या वेळी परक्या वाटणाऱ्या नाटककारांना ज्यांनी रंगमंच मिळवून दिला, त्यांच्यातले ते एक. बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ जगात पहिल्यांदा झालं ते जानेवारी १९५३ मध्ये, पॅरिसच्या बाबिलोन थिएटरमध्ये. ते थिएटर ज्याँ-मारी चालवत होते. कोलीन तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. आई झनव्हिएव्ह सेरो लेखिका आणि अनुवादक. ब्रेख्त फ्रेंचमध्ये आणणाऱ्यांत त्याही होत्या.

अशा घरातली मुलगी संगीत शिकली, नृत्य शिकली, पुढे आनी फ्रातेलिनी यांच्या सर्कस-शाळेत उंच झोपाळ्यावरच्या कसरतीही शिकली. पॅरिसच्या र्‍यू ब्लांश या नाट्यशाळेत अभिनयाचं शिक्षण घेऊन १९७० मध्ये कोमेदी-फ्रान्सेझ या सरकारी नाट्यसंस्थेत उमेदवारी केली. लवकरच लेखणीही हाती आली. १९७४ मध्ये आलेल्या एका चित्रपटाची पटकथा त्यांची होती आणि त्यात भूमिकाही त्यांनी केली.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा दुवा म्हणजे बेनो बेसोन. हे स्विस दिग्दर्शक बर्लिनमध्ये प्रत्यक्ष ब्रेख्तच्या हाताखाली काम केलेले. ते सेरोंचे सहकारी झाले, आयुष्याचे जोडीदारही झाले. १९७८ मध्ये आव्हिन्योंच्या नाट्यमहोत्सवात बेसोन यांनी ब्रेख्तचं ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ बसवलं. त्यात सेरो होत्या.

मराठी प्रेक्षकाला हे नाटक परकं नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावानं मराठीत आणलं आणि विजया मेहतांनी ते रंगमंचावर उभं केलं. एक मोलकरीण बंडाच्या धामधुमीत मागे राहिलेलं बाळ उचलते, जिवापाड वाढवते. पुढे जन्मदात्री आई हक्क सांगत येते आणि न्यायाधीशापुढे प्रश्न उभा राहतो: मूल कुणाचं, जन्म दिला तिचं की वाढवलं तिचं? हा प्रश्न लक्षात ठेवा. सात वर्षांनी तो पॅरिसच्या एका फ्लॅटमध्ये पुन्हा विचारला जाणार आहे, आणि तिथे मोलकरणीच्या जागी तीन ब्रह्मचारी असणार आहेत.

ओळखीचं अनोळखी करायचं, म्हणजे नेमकं काय?

ब्रेख्तच्या नाट्यविचाराबद्दल जड शब्दांत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे आपल्याला त्यातला एकच भाग पुरेसा आहे. रोजच्या सवयीमुळे आपल्याला ज्या गोष्टी दिसेनाशा होतात, त्या रंगमंचावर अशा दाखवायच्या की प्रेक्षकानं म्हणावं, ‘अरे, हे असंच का? दुसरं काही का नाही?’ पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये चोर आणि प्रतिष्ठित माणूस एकाच भाषेत धंद्याच्या गोष्टी बोलू लागले की जे होतं, तेच हे.

सेरोंनी या विचाराला स्वतःची अशी एक सोपी रीत दिली. समाजातल्या दोन माणसांच्या जागा बदलायच्या, आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. घरकाम करणारा पुरुष, कमावणारी बाई. बाळ सांभाळणारे पुरुष. कंपनीच्या अध्यक्षाला आसरा देणारी सफाई कामगार. पृथ्वी बघायला आलेली परग्रहावरची बाई. एकदा जागा बदलली की भाषण करावं लागत नाही, गोष्ट आपोआप बोलते आणि प्रेक्षक हसत राहतो.

१९७७ च्या ‘पुर्क्वा पा’ या त्यांच्या पहिल्या कथापटातही दोन पुरुष आणि एक स्त्री एकत्र राहतात, आणि घर सांभाळण्याचं काम पुरुष करतो. त्याच काळात त्यांनी एक माहितीपटही केला. त्यात गिरणी कामगार, शेतकरी, गृहिणी अशा निरनिराळ्या बायकांसमोर कॅमेरा ठेवून त्यांना बोलू दिलं. स्त्रियांना हवं तरी काय, या फ्रॉइडच्या नावानं चालत आलेल्या प्रश्नाचं उत्तर स्त्रियांनाच विचारावं, एवढीच त्यामागची कल्पना. आज हे साधं वाटतं, पण १९७० च्या दशकात कामकरी बाई पडद्यावर सलग दहा मिनिटं आपल्या दिवसाचा हिशोब सांगते आहे, असं दृश्य दुर्मीळ होतं.

टोपलीतलं बाळ

१९८५ चा ‘त्रुआ झॉम ए अं कुफॅं’, म्हणजे तीन पुरुष आणि बाळाची टोपली. पॅरिसमध्ये एका प्रशस्त फ्लॅटमध्ये तीन मित्र राहतात. पियेर, मिशेल आणि झाक. नियम एकच: कुठलीही बाई एका रात्रीपेक्षा जास्त राहणार नाही. झाक विमानात नोकरीला. तो परदेशी गेलेला असताना दारात टोपली येते. टोपलीत मारी नावाची मुलगी, सोबत चिठ्ठी: ही तुझी, मी सहा महिने अमेरिकेला जाते आहे.

आता औषधाच्या दुकानातला प्रसंग बघा. पियेर दूध आणायला जातो. त्याला वाटतं, दूध म्हणजे दूध. दुकानातली बाई विचारते, किती महिन्यांचं बाळ? कोणत्या वयाचं दूध हवं? बाटलीचं निपल कोणत्या वेगाचं? डायपर किती किलोच्या बाळाचे? पियेर चिडतो, गोंधळतो, घामाघूम होतो. सगळं थिएटर हसतं. पण या प्रसंगात एकही विनोदी वाक्य नाही. दुकानातली बाई रोज शंभर जणींना हेच प्रश्न विचारते आणि त्या शंभर जणी न गोंधळता उत्तरं देतात, कारण ते त्यांना यायलाच हवं असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. पियेरच्या जागी एखादी नवखी आई असती तर हाच प्रसंग करुण झाला असता, किंवा कुणी तो चित्रपटात घेतलाच नसता.

यापुढे सेरो अंगाई गाणाऱ्या बापांचं गोड चित्र काढत बसत नाहीत. त्या थकवा दाखवतात. रात्री दर काही तासांनी उठणं, कामावर डुलक्या, तिघांतली भांडणं, पाळीवरून वाद. प्रशिक्षित दाई बोलावली जाते, तर पियेर तिच्यावरच खेकसतो, कारण तोवर ‘आमच्या बाळाला काय लागतं ते आम्हाला कळतं’ इथवर गाडी आलेली असते. मग आई परत येऊन मुलीला घेऊन जाते. तिघं मोकळे होतात आणि मोकळेपणात त्यांचा जीव रमत नाही. झाक एका रात्री दारू पिऊन शर्टाखाली उशी खुपसतो आणि पुरुषाच्या पोटातून काहीच जन्माला येत नाही म्हणून रडगाणं गातो. हा माझ्या मते चित्रपटातला सर्वांत धाडसी प्रसंग आहे. स्त्रीला काहीतरी कमी आहे असं शतकानुशतकं सांगितलं गेलं, इथे उणीव पुरुषाला जाणवते.

शेवटी आई दमून पुन्हा दारात उभी राहते. एकटीला जमत नाही. ती बाळाच्या पाळण्यातच अंग मुडपून झोपी जाते. चॉक सर्कलचा निवाडा आठवा. ब्रेख्तकडे मूल वाढवणारीला मिळतं. सेरोंकडे न्यायाधीशच नाही. जन्म देणारी आणि वाढवणारे, दोघांनाही एकट्यानं पेलत नाही, इथे गोष्ट थांबते.

फ्रान्सची लोकसंख्या तेव्हा साधारण साडेपाच कोटी होती. या चित्रपटाची एक कोटीहून जास्त तिकिटं विकली गेली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, सर्वोत्कृष्ट पटकथा आणि मिशेल बुजेना यांना सहायक अभिनेत्याचा, असे तीन सेझार पुरस्कार मिळाले. सेझार म्हणजे फ्रेंच चित्रपटांचा वार्षिक राष्ट्रीय सन्मान. परभाषी चित्रपटासाठीच्या ऑस्करचं नामांकनही झालं.

मग हीच गोष्ट आपण आधी कुठे पाहिली?

बहुतेक वाचकांना इथवर ओळखीचं वाटलं असेल. १९८७ मध्ये हॉलिवूडनं याच कथेवर ‘थ्री मेन अँड अ बेबी’ काढला. तो दिग्दर्शित करण्यासाठी आधी सेरोंनाच घेतलं होतं. ते जमलं नाही, आणि लेनर्ड निमॉय यांनी तो केला. त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त कमाई त्याच चित्रपटानं केली. मग मल्याळममध्ये १९९० साली ‘तूवलस्पर्शम’ आला, आणि हिंदीत २००७ साली अक्षय कुमार, फरदीन खान आणि आपला रितेश देशमुख यांचा ‘हे बेबी’. तीन बाप्ये आणि एक बाळ ही कल्पना पॅरिसहून निघून अशी आपल्या दारापर्यंत आली. वाटेत तिच्या जन्मदात्रीचं नाव गळून पडलं.

नावाबरोबर आणखीही काही गळलं. फ्रेंच चित्रपटात अमली पदार्थाच्या पुडक्याचा एक उपकथाभाग आहे, पण तो बाळाच्या डायपरभोवतीच घोटाळतो. अमेरिकन चित्रपटात त्याला गुन्हेगार पकडण्याचा थरार जोडला गेला, कारण फक्त बाळ सांभाळण्यावर दोन तास प्रेक्षक खिळून राहील असा भरवसा नसावा. शेवटी आई त्या तिघांच्या घरी राहायला येते आणि सगळं गोड होतं. हिंदीत तर प्रेमकथाच मध्यभागी आली. जागा बदलण्याची रीत मागे पडली आणि गोंडस बाळ उरलं.

लेखिकेचं काम कुणाच्या मालकीचं?

इथे एक कायदेशीर फरक समजून घेतला की बऱ्याच गोष्टी उलगडतात. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो. अमेरिकेतही पारडं निर्मात्याच्या, म्हणजे स्टुडिओच्या बाजूनं झुकलेलं आहे. फ्रान्समध्ये पटकथा लिहिणारा, संवाद लिहिणारा, त्या चित्रपटासाठी संगीत देणारा आणि दिग्दर्शक हे कायद्यानं कर्ते मानले जातात. आणि चित्रपटाची अंतिम आवृत्ती ठरते ती दिग्दर्शक आणि निर्माता यांच्या सहमतीनं. म्हणजे निर्मात्यानं परस्पर शेवट बदलला, असं तिथे करता येत नाही.

सेरो आपले चित्रपट स्वतः लिहितात आणि स्वतः दिग्दर्शित करतात. कायद्याचं संरक्षण त्यांना असं दोन्ही बाजूंनी मिळतं. परभाषेतल्या नव्या आवृत्तीचे हक्क विकले की मात्र ती नवी आवृत्ती दुसऱ्या देशाच्या रीतीनं बनते. ‘बाळाची टोपली’ची दोन रूपं शेजारी ठेवून पाहिली की हा फरक कुठल्याही कायद्याच्या पुस्तकापेक्षा स्वच्छ कळतो.

पण असल्या चित्रपटांना पैसा कोण देतं?

ही शंका अगदी रास्त आहे. नायक नसलेला, मारामारी नसलेला, बाईनं लिहिलेला चित्रपट उभा कसा राहतो?

फ्रान्समध्ये १९४६ पासून राष्ट्रीय चित्रपट केंद्र नावाची सरकारी संस्था आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर लागतो आणि तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता थेट या संस्थेकडे जातो. हॉलिवूडच्या चित्रपटाचं तिकीट काढलं तरी तो भरावा लागतो. दूरचित्रवाणी वाहिन्यांनाही वाटा द्यावा लागतो. या पैशातून पुढचे चित्रपट निघतात. आपल्याकडच्या भिशीसारखंच हे आहे: सगळे थोडं थोडं टाकतात आणि गरजेला एकेकाच्या हाती मोठी रक्कम येते. फरक एवढाच, की ही भिशी कायद्यानं सक्तीची आहे.

त्यातून मदत दोन वाटांनी होते. एक वाट आपोआपची. ज्या निर्मात्याचा चित्रपट चालतो, त्याच्या खात्यावर तिकिटांच्या प्रमाणात रक्कम जमा होते, आणि ती त्याला पुढच्या चित्रपटातच घालावी लागते. दुसरी वाट निवडीची. १९५९ पासून एक समिती पटकथा वाचून आगाऊ रक्कम देते. चित्रपट चालला तर परतफेड करायची. नवख्या आणि वेगळं काही करू पाहणाऱ्या लोकांना या दुसऱ्या वाटेचा आधार असतो.

सरकारी पैसा म्हणजे कंटाळवाणे चित्रपट, अशी एक तक्रार नेहमी होते. फ्रान्समध्येही होते, आणि तिथे दरवर्षी कुणी न पाहिलेले चित्रपट निघतात हेही खरं. पण हीच व्यवस्था पडण्याची परवानगी देते. ‘ला बेल व्हेर्त’ आपटल्यावरही सेरो चित्रपट करत राहिल्या, आणि पाच वर्षांनी त्यांनी त्यांचा सर्वांत जळजळीत चित्रपट ‘केऑस’ दिला.

कचऱ्याच्या टोपलीतलं ज्ञान

त्याआधीचे दोन चित्रपट मात्र घाईनं ओलांडून चालणार नाही. १९८९ चा ‘रोम्युआल्ड ए ज्युलिएट’. रोम्युआल्ड दह्याच्या कंपनीचा अध्यक्ष, भूमिकेत दानिएल ओतॉय. ज्युलिएट त्याच इमारतीत रात्री साफसफाई करणारी कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई. कंपनीत रोम्युआल्डच्या विरुद्ध कट शिजतो. तो कुणाला कळतो? ज्युलिएटला. कारण ती साहेबांच्या टेबलाखालच्या टोपल्या रिकाम्या करते, आणि ती खोलीत असली तरी साहेब लोक बोलायचं थांबत नाहीत. ती त्यांना दिसतच नाही. कंपनीत सर्वांत जास्त माहिती असलेलं माणूस सर्वांत खालच्या पगारावर आहे, ही या पटकथेची किल्ली.

अडचणीत आलेला अध्यक्ष मग तिच्या उपनगरातल्या छोट्या घरात लपतो. ज्युलिएटची भूमिका करणाऱ्या फिर्मिन रिशार मूळच्या ग्वादलूप बेटाच्या. त्यांनी त्याआधी कधीच चित्रपटात काम केलेलं नव्हतं. नामवंत नट आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली बाई समोरासमोर येतात आणि प्रसंग ती खिशात घालते. फ्रेंच चित्रपटात कृष्णवर्णीय स्त्री प्रेमकथेची नायिका होणं त्या काळी किती विरळा होतं, ते आठवलं की या निवडीचं मोल कळतं.

१९९२ चा ‘ला क्रीझ’ अधिक भरधाव. व्हिक्टरला एकाच सकाळी बायको सोडून जाते आणि नोकरीही जाते. तो ज्याला त्याला आपलं दुःख सांगायला जातो, पण प्रत्येक जण स्वतःच्याच भांडणात बुडालेला. ऐकणारा एकच, मिशू नावाचा एक गरीब, चिकट, थोडा बावळट वाटणारा माणूस. सर्वांत गाजलेला प्रसंग आईचा. व्हिक्टर रडत माहेरी, म्हणजे स्वतःच्या आईकडे येतो, तर आईच घर सोडून निघालेली. मुलं हादरतात. ती मुलांना स्वच्छ सांगते, की तीस वर्षं तुमचे प्रश्न ऐकले, आता तुमच्या प्रश्नांशी मला काही देणंघेणं नाही, मला जगायचं आहे. मारिया पाकोम यांनी ते भाषण असं म्हटलं आहे, की आपल्याला त्या मुलांची कीवही येत नाही. या पटकथेला सेझार मिळाला.

यात पुरुषांचंच कौतुक होत नाही का?

‘बाळाची टोपली’वरचा हा आक्षेप जुना आहे आणि मला तो बराचसा पटतो. बायका जे रोज करतात ते पुरुषांनी सहा महिने केलं तर त्यांच्यावर चित्रपट निघतो आणि टाळ्या पडतात. बाळाची आई पडद्यावर जेमतेम दिसते. तिची बाजू आपल्याला तिच्या थकव्यातूनच कळते.

उत्तर असलंच, तर ते पुढच्या कामात आहे. २००१ चा ‘केऑस’ असा सुरू होतो: पती-पत्नी गाडीतून निघाले आहेत. समोरून एक तरुणी जीव वाचवण्यासाठी धावत येते, मागे गुंड. ती आत घ्या म्हणून विनवते. नवरा दारं आतून लावून घेतो. तिला मारहाण होते, काचेवर रक्त उडतं. गुंड निघून गेल्यावर नवरा पोलिसांना फोन करत नाही. तो गाडी धुवायला घेऊन जातो.

इथे कौतुक कुणाचंच नाही. पत्नी इस्पितळात त्या मुलीला शोधून काढते, तिची शुश्रूषा करते, आणि तिथून दोन बायकांची गोष्ट सुरू होते. अल्जीरियन कुटुंबातली ती मुलगी वेश्याव्यवसायात कशी ढकलली गेली ते आपल्याला कळत जातं. ती भूमिका करणाऱ्या राशिदा ब्राक्नी यांना नवोदित अभिनेत्रीचा सेझार मिळाला. नवऱ्याच्या भूमिकेत व्हँसाँ लँदों आहेत, ‘ला क्रीझ’मधला रडवेला व्हिक्टर करणारेच. तोच चेहरा, पण यावेळी त्याला सहानुभूती नाही. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहणाऱ्याला हे फार टोचतं.

परग्रहाची कल्पना भाबडी नाही?

आता पुन्हा ‘ला बेल व्हेर्त’कडे. एका हिरव्या ग्रहावर लोक पैशाशिवाय राहतात. वर्षातून एकदा डोंगरावर जमतात, वस्तूंची देवघेव करतात आणि कोण कुठल्या ग्रहावर जाणार ते ठरवतात. पृथ्वीवर जायला कुणीच तयार नसतं. शेवटी मिला तयार होते, कारण तिची आई पृथ्वीवरची. मिला म्हणजे स्वतः सेरो. पॅरिसमध्ये उतरल्यावर तिला गाड्यांचा धूर कळत नाही, पैसा कळत नाही, खाटकाच्या दुकानात प्राण्यांची प्रेतं मांडून का ठेवली आहेत ते कळत नाही. ती ज्याच्यावर आपली शक्ती वापरते, तो खरं बोलायला लागतो.

भाबडं आहे. उद्योगयुगाचा शेवट केवळ बहिष्कारानं झाला, असं मिला सांगते तेव्हा प्रश्न पडतोच: मग औषधं कोण बनवतं? अपघातात हाड मोडलं तर काय? याचं उत्तर चित्रपट देत नाही, आणि तो जीवनाचा आराखडा म्हणून फिरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. परक्या पाहुण्याच्या डोळ्यांनी आपला समाज दाखवण्याची युक्ती फ्रान्समध्ये जुनी आहे. अठराव्या शतकात मोंतेस्क्यू या फ्रेंच विचारवंतानं पॅरिसमध्ये आलेल्या इराणी प्रवाशांच्या पत्रांतून हेच केलं होतं. ‘ला बेल व्हेर्त’ हे त्या परंपरेतलं प्रहसन आहे असं पाहिलं की चित्रपट एकदम मोकळा होतो. मिलाची मुलं झाडांवर कसरती करतात त्यात सेरोंची सर्कस-शाळा दिसते, आणि कसरती करणाऱ्यांत चार्ली चॅप्लिनचा नातू जेम्स तिएरे आहे.

पाहुणा परग्रहावरून येण्याची कल्पनाही सेरोंनी आधी रंगमंचावर वापरलेली. ‘लापँ लापँ’ या त्यांच्या १९८६ च्या नाटकात एका गरीब, कर्जबाजारी कुटुंबातला धाकटा मुलगा परग्रहवासी निघतो. ते बेसोन यांनी बसवलं होतं.

रंगमंच सुटला नाही

चित्रपट गाजत असतानाही सेरो नाटकं लिहीत होत्या, करत होत्या. ‘किसेतू ए ग्रोबेता’ हे विदूषकी वळणाचं नाटक १९९३ चं. २००६ मध्ये त्यांनी जुन्या फ्रेंच नाटककार मोलिएरचं ‘लेकोल दे फाम’ बसवलं आणि त्यात आर्नोल्फची भूमिका स्वतः केली. आर्नोल्फ म्हणजे आपल्याला आज्ञाधारक बायको मिळावी म्हणून एका मुलीला लहानपणापासून अडाणी ठेवून वाढवणारा पुरुष. तो एका बाईनं साकारला की प्रत्येक वाक्याची धार बदलते. पुन्हा जागांची अदलाबदल. पॅरिसच्या बास्तीय ऑपेरामध्ये त्यांनी रोसिनीचा ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ आणि मासनेचा ‘मानों’ बसवले. गायकवृंदही त्या चालवतात.

२०१० चा ‘सोल्युसियों लोकाल पूर अं देझोर्द्र ग्लोबाल’ हा माहितीपट त्यांना भारतातही घेऊन आला. रासायनिक शेती आणि मूठभर कंपन्यांच्या हाती गेलेलं बियाणं यांना पर्याय काय, हा त्याचा विषय. फ्रान्स, ब्राझील, युक्रेन अशा देशांतल्या शेतकऱ्यांबरोबर आणि मृदाशास्त्रज्ञांबरोबर त्यात आपल्याकडच्या पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि शेतीचे अभ्यासक देविंदर शर्मा बोलतात. माहितीपट एकाच बाजूनं बोलतो. उत्पादन घटलं तर काय, या प्रश्नाला त्यात जागा कमी आहे. तरी मातीकडे बघण्याचा धडा म्हणून तो मोलाचा आहे, विशेषतः क्लोद आणि लिदिया बूर्गिन्यों हे मृदाशास्त्रज्ञ पती-पत्नी हातात मातीचं ढेकूळ घेऊन ते जिवंत आहे की मेलेलं हे समजावतात तो भाग.

बघायचं असेल तर

सुरुवात ‘बाळाची टोपली’पासून करा, आणि जमलं तर त्याच आठवड्यात ‘थ्री मेन अँड अ बेबी’ पुन्हा पाहा. कुठे काय कापलं, काय चिकटवलं ते स्वतःलाच दिसेल. मग ‘रोम्युआल्ड ए ज्युलिएट’. घरातल्या सगळ्यांबरोबर बसून पाहता येईल असा तो आहे. ‘ला क्रीझ’ संवादांवर चालतो, त्यामुळे सबटायटल चांगली मिळाली तरच पाहा, नाहीतर त्याची गंमत निम्मी होते. ‘केऑस’ मुलांसोबत नको. ‘ला बेल व्हेर्त’ सर्वांत शेवटी ठेवा, आणि तो पूर्ण पाहा. तुकड्यांत पाहिला तर तो उपदेश वाटतो. सलग पाहिला तर त्यातली नाटकवाली बाई भेटते.